ओभास आणि चुंबक

ध्यानात प्रकाश दिसला, ही प्रगतीची खूण समजावी काय, असे वर्षावासात अहिल्यानगर जिल्ह्यातील उपासक विचारतात. 'विसुद्धिमग्गा'च्या विसाव्या परिच्छेदात आचार्य बुद्धघोष या प्रकाशास 'ओभास' म्हणतात व दहा विपस्सनुपक्किलेसांत त्यास पहिले स्थान देतात. अर्थात तो मार्ग नव्हे, मार्गातील मळ होय. हा निर्णय मोलाचा आहे. मात्र तेथेच कोणाचा ओभास आसनापुरता तर कोणाचा ब्रह्मलोकापर्यंत पसरतो, असेही ते सांगतात. ही अतिशयोक्ती आंबेडकरी वाचकाने स्वीकारण्याचे कारण नाही.

प्रकाश दिसण्यास बाहेर प्रकाश असावाच लागतो असे नाही. 1896 साली फ्रान्समध्ये द'आर्सोन्वाल यांनी बदलत्या चुंबकीय क्षेत्रात डोके ठेवले असता लुकलुक दिसते, असे नोंदविले. 1985 साली शेफील्ड येथे बार्कर यांनी चुंबकीय वेटोळ्याने थेट मेंदू चेतविला. असे वेटोळे डोक्याच्या मागे, दृष्टिकेंद्राजवळ धरले की क्षणिक चमक दिसते; डोळस असून पुढे अंध झालेल्या काहींनाही ती दिसली आहे. चक्षू व रूप यांवाचून उपजलेल्या या दर्शनास चक्खुविञ्ञाण म्हणावे की मनोविञ्ञाण? माझा कल दुसऱ्याकडे आहे. परंतु प्रत्ययावाचून तेही उपजत नाही. वेटोळे थांबले की चमक नाही. यावरून ध्यानातील प्रत्येक ओभासाचे कारण सापडले, असे म्हणणे मात्र उतावीळपणाचे होईल.

बुद्धघोषांची कसोटी निराळीच आहे. महानाग थेर साठ वर्षे स्वतःस अर्हत समजत होते. धम्मदिन्न थेरांच्या सांगण्यावरून त्यांनी ऋद्धीने हत्ती निर्मिला, आणि तो अंगावर येताच ते पळू लागले. तेव्हा धम्मदिन्नांनी त्यांच्या चीवराचे टोक धरले आणि क्षीणास्रवास भय असते काय, एवढेच विचारले.