बंदूक, फास आणि वनोपनिषद

औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर धरणावर पूर्णेच्या पाण्यात जाळे टाकणारा भोई असतो. भोवतालच्या माळावर तितरासाठी फास मांडणारा फासेपारधी असतो. मासा कधी काठाला येतो हे एकाला कळते, पाखराची वाट दुसऱ्याला. याला ज्ञान म्हणायला आपली समीक्षा तयार आहे काय?

जिम कॉर्बेट शिकारी होते. आज त्यांच्या नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. सालिम अलींनी बालपणी एअरगनने चिमणी पाडली. त्या चिमणीपासून त्यांचे पक्षिशास्त्र सुरू झाले. दोघांचे कार्य थोरच आहे. पण साहेबाची वा सुखवस्तू घराची बंदूक ही चरित्राची प्रस्तावना ठरते आणि पारध्याचा फास हा पोलिसांचा पुरावा ठरतो, हे कसे? १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, संशय गेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला. तो आवश्यकच होता; मात्र फास सोडणाऱ्याच्या हाताला काम देण्याची तरतूद त्यात नव्हती.

मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात उभी हयात घालवली. ‘चकवा चांदणं’ या आत्मकथनाला त्यांनी ‘एक वनोपनिषद’ म्हटले. उपनिषद म्हणजे गुरूजवळ बसणे. चितमपल्ली आदिवासींजवळ, पारध्यांजवळ खरोखर बसले, त्यांच्याकडून शिकले आणि ते लपवले नाही. हा त्यांचा मोठेपणा. प्रस्थापित समीक्षेने मात्र शिष्याच्या शब्दकळेचे कौतुक केले. गुरू कोण, तो काय खातो, त्याची मुले कुठे शिकतात, हे विचारले नाही. २०२५ साली चितमपल्लींना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी ते गेले. तेव्हाच्या गौरवलेखांतही या गुरूंसाठी किती ओळी होत्या?

अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ संस्थेने तणमोर आणि गवताळ माळ राखण्याचे काम फासेपारध्यांना सोबत घेऊन केले आहे. ज्याला पाखरू पकडता येते त्याला ते राखताही येते, हे तिथे दिसते. तेव्हा प्रश्न दयेचा नाही, हक्काच्या नोकरीचा आहे. वनखात्याने आणि मत्स्यखात्याने पारध्याला, भोयाला केवळ रोजंदारीचा वाटाड्या न ठेवता जाणकार म्हणून पगारी पद द्यावे.

आणि पुढचे वनोपनिषद त्या गुरूनेच लिहावे. त्याची भाषा ओबडधोबड असेल. तिला नावे ठेवण्याआधी समीक्षकाने थोडा वेळ त्याच्याजवळ जमिनीवर बसावे.