अपेक्षित उत्तराचा रकाना

कवितेची समीक्षा होते. कथेची होते. आत्मकथनांची तर पोत्यानं झाली. सराव पाठाच्या वहीची मात्र कुणी करत नाही, कारण ते म्हणे साहित्य नाही. मित्रांनो, आपल्या वस्तीतून कवितासंग्रह एखाद्याचा निघतो, पाठाच्या वह्या कितीतरी पोरंपोरी लिहितात. आणि त्या वहीत रात्री जे लिहिलं जातं ते दुसऱ्या दिवशी भरल्या वर्गात मोठ्यानं बोललं जातं, पोरांकडून वदवून घेतलं जातं. आपल्या कुठल्या कवीला असा हक्काचा श्रोता मिळतो? म्हणून ही वही कवितेइतकीच कसून वाचली पाहिजे. तिच्यात कोण बोलतं आणि कुणाला बोलू दिलं जात नाही, ते तपासलं पाहिजे.

भिवंडीतल्या आपल्याच एका कार्यकर्तीची वही माझ्यापुढे आहे. ती डी.एल.एड. करते, लोकांच्या तोंडी ते अजून डी.एड.च. शाळेचं आणि कॉलेजचं नाव इथं देत नाही. एका शाळेला धरून झोडपावं असलं हे दुखणं नाही.

आधी वहीचं रूप बघा. वर इयत्ता, विषय, घटक, तारीख. खाली उद्दिष्टं आणि शैक्षणिक साधनं. मग पान उभं आखून रकाने पाडलेले: शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन. शिक्षक कृतीत प्रश्न. विद्यार्थी कृतीत त्या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर. म्हणजे पोरगं अजून शाळेत आलेलं नाही, बाईंनी त्याचं तोंडही पाहिलेलं नाही, आणि ते काय बोलणार हे आदल्या रात्रीच निळ्या शाईत लिहून झालं! नाटकात पात्राच्या तोंडी संवाद घालतात तसं. फरक एवढाच, की नाटकातल्या नटाला आपण नट आहोत हे ठाऊक असतं.

हा साचा तिनं बनवला नाही. जर्मनीत हर्बार्ट नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला (१७७६–१८४१). त्याच्या मागून झिलर आणि राइन या चेल्यांनी पाठाच्या पाच पायऱ्या बांधल्या. आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयांत त्या पंचपदी म्हणून घोकल्या गेल्या. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावाद आला, मागून अध्ययन निष्पत्ती आल्या. पोर स्वतः ज्ञान रचतं, असं आता पुस्तकात छापलेलं असतं. शब्द बदलले. रकाना जागेवरच आहे.

आता वहीतला एक पाठ घेऊ. परिसर अभ्यास, विषय दिवस आणि रात्र. प्रश्न: रात्री आपण काय करतो? अपेक्षित उत्तर: रात्री आपण झोपतो. साधं, निरुपद्रवी वाक्य. पण हे भिवंडीत विचारलं जातंय. ज्या गावात माग रात्रभर खडखडतात, जिथं बारा बारा तासांची पाळी चालते, त्या गावात. वर्गातलं एक पोरगं उठून म्हणालं, "आमचा बाप रात्री लूम चालवतो. सकाळी झोपतो. आम्ही आवाज केला तं मारतो." वर्ग हसला. दुसरं म्हणालं, "आमचा पन." मग तिसरं. मागं बसलेल्या मार्गदर्शकांनी पाठाच्या खाली लाल शाईत शेरा दिला: विषयांतर झाले, वर्गनियंत्रण हवे.

समीक्षक म्हणून माझा सवाल आहे. त्या अख्ख्या पाठात ज्ञान असलेलं वाक्य कोणतं? रात्री आपण झोपतो, की आमचा बाप सकाळी झोपतो? पहिल्या वाक्यात 'आपण' हा शब्द आहे. हा 'आपण' कोण? ज्याचा बाप सकाळी ऑफिसात जातो आणि सहाला घरी येतो तो. त्याच्या घराला वेगळी झोपायची खोली आहे. प्रस्थापितांनी साहित्यात हेच केलं. स्वतःच्या घरातलं जगणं 'आपण' म्हणून लिहिलं आणि बाकीचे सगळे विषयांतर ठरले. दलित साहित्यानं भांडण मांडलं ते या 'आपण'शी. आणि तोच 'आपण' आपल्या पोरीच्या वहीत, आपल्याच पोरीच्या अक्षरात येऊन बसलाय.

भाषेचंही तसंच. पोरगं म्हणतं लूम, कांडी, बीम, पाळी. वहीत लिहिलंय यंत्रमाग, आणि तेही एकदाच. पोराच्या वाक्यातला 'पन' दुरुस्त करून 'पण' केला की बाईंचं काम संपलं. 'बलुतं' १९७८ साली आलं, 'उपरा' १९८० साली, 'अक्करमाशी' १९८४ साली, 'उचल्या' १९८७ साली. गावानं ज्या शब्दांनी आपल्याला मोजलं, हिणवलं, तेच शब्द पुस्तकाच्या कपाळावर छापले गेले. अध्यापक विद्यालयाच्या ग्रंथालयात ही पुस्तकं असतील नसतील. पण ज्या रीतीनं ती लिहिली गेली ती रीत पाठाच्या वहीत अजून शिरलेली नाही.

आता आपल्या अंगावर येणारी गोष्ट. वहीत बाबासाहेबांवरचा एक पाठ आहे. तिनं तो जीव ओतून केलाय. तक्ता केलाय, फोटो चिकटवलाय. प्रश्न: भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार कोण? अपेक्षित उत्तर: डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सगळा वर्ग एका सुरात ओरडला. शेरा: उत्तम. मित्रांनो, मला या 'उत्तम'ची भीती वाटते. रात्रपाळीचं उत्तर विषयांतर ठरतं आणि बाबासाहेबांचं नाव उत्तम ठरतं, याचा अर्थ काय? बाबासाहेब आता अपेक्षित उत्तराच्या रकान्यात बसले. त्या रकान्यात बसलेल्या माणसाचा कुणाला त्रास होत नाही.

खुद्द त्यांची शाळा आठवा. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गणित सोडवायला भीमरावाला फळ्याकडे बोलावलं. फळ्यामागं पोरांचे जेवणाचे डबे होते. डबे बाटतील म्हणून पोरं धावली, डबे उचलले, मग तो फळ्यापर्यंत पोचला. त्या पाठाच्या टाचणात फक्त गणित आणि गणिताचं उत्तर असणार. डबे कुठल्याच रकान्यात नसणार. त्या वर्गात जात मात्र शिकवली गेली, आणि सगळ्यांना नीट समजली. मग बाबासाहेबांवरचा पाठ घ्यायचा तर शिल्पकार कोण हे विचारून भागणार नाही. आपल्या वर्गात आज डबे कुठं ठेवलेत, कोण कुणाशेजारी बसतं, झाडायला कुणाला सांगितलं जातं, हे विचारावं लागेल. त्याचं अपेक्षित उत्तर आदल्या रात्री लिहिता येत नाही.

अपेक्षित उत्तर नाकारण्याची आपली परंपरा जुनी आहे. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता, मांगाची चौदा वर्षांची पोर, हिनं मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 'ज्ञानोदया'त तो छापला गेला. धर्म सांगणाऱ्यांनाच तिनं उलटा जाब विचारला. इटलीत बार्बियाना गावच्या आठ गरीब पोरांनी आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षिकेला पत्र लिहिलं, ते पुस्तक १९६७ साली आलं आणि जगभर गाजलं. आपली मुक्ता त्यांच्या ११२ वर्षं आधीची! हिंदीतलं ओमप्रकाश वाल्मीकींचं 'जूठन' १९९७ साली आलं. त्यात मास्तर द्रोणाचार्याच्या गरिबीचा धडा शिकवतो, अश्वत्थाम्याला दुधाऐवजी पिठाचं पाणी पाजलं हे सांगताना गहिवरतो. वर्गातलं एक पोरगं उठून विचारतं, आम्ही भाताची पेज पिऊन राहिलो, आमच्यावर महाकाव्य का नाही? त्याचं उत्तर म्हणून त्याच्या पाठीवर छडी बसते. तिथं छडी, इथं लाल शाई. इथं पोराची पाठ वाचली, पण प्रश्न दोन्ही ठिकाणी मेला.

शिक्षक कृतीच्या रकान्याविषयीही बोललं पाहिजे. त्यातल्या शिक्षकाला जात नसते, घरभाडं नसतं, भूक नसते. माधव कोंडविलकरांचं 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९) याच्याशेजारी ठेवून वाचा. कोकणातल्या प्राथमिक शिक्षकाची ती रोजनिशी. नोकरीनं गुरुजी, गावानं चांभार. टाचण पोराला गप्प करतं तसं शिक्षकालाही पुसून टाकतं. आपली ही पोरगी वस्तीतून येते, सकाळी नळाच्या रांगेत उभी राहते, तिचाही एखादा चुलता लूमवर असतो. वहीत मात्र ती कुणाचीच नसते. पोरानं 'आमचा बाप रात्री लूम चालवतो' म्हटल्यावर 'माझा चुलतापण चालवतो रे' एवढं म्हणायची मुभा तिला त्या रकान्यानं दिलेली नाही.

कुणी म्हणेल, मग टाचणच नको का? हा आळशी विद्रोह झाला. तयारी न करता वर्गात जाणारा मास्तर काही मोकळा नसतो, तो फक्त छडीवर विसंबतो. सावित्रीबाईंनी रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये. १८५६ च्या ऑक्टोबरात त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात शाळेचा भार पेलणाऱ्या फातिमेचं नाव येतं. १९७० आणि १९८४ साली दंगलीत जळालेल्या, मराठी, उर्दू, तेलुगू शाळांत पोरं वाटून बसवलेल्या या गावात राष्ट्रीय एकात्मतेचा पाठ घेणाऱ्यांनी ते पत्र वाचावं. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षक कसा हवा ते सांगितलं: शिकून तयार झालेला, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारा, खालच्या थरात सहज मिसळणारा. त्यांनी प्रशिक्षण मागितलं आणि मिसळणंही मागितलं. कॉलेजं पहिलं देतात. दुसरं आपण कमवायचं. भिवंडीत त्याचा अर्थ असा, की कांडी कशी भरतात, मीटरमागं बापाला किती सुटतात, वीज गेली की त्या पाळीचं काय होतं, हे शिकवणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

आणि या वहीत सगळ्यात भारी काय आहे? शेवटची पानं. तिथं तिनं पेन्सिलीनं पोरांची खरी उत्तरं टिपून ठेवलीत. कुणी तपासावी म्हणून नाही, टाकवेनात म्हणून. तारीख, प्रश्न आणि जे आलं ते. "बाई, आमच्यात खोली एकच हाय, मंग स्वयंपाकघर कुठं लिवायचं?" या एका ओळीत पुढच्या सगळ्या निळ्या शाईपेक्षा जास्त समाजशास्त्र आहे. वहीचा लेखक इथं भेटतो. पुढच्या पानांत तो नव्हता.

तेव्हा डी.एड., बी.एड. करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला सांगणं आहे. मार्क मिळवा, पास व्हा, नोकरी धरा. त्यात लाज नाही. कॉलेजला हवे तितके रकाने आखा. पण त्याच पानावर आणखी एक रकाना स्वतःचा आखा आणि त्यावर लिहा: आलेलं उत्तर. पोरानं जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत, 'पन'चा 'पण' न करता. दुसऱ्या दिवसाचा पाठ त्या उत्तरापासून सुरू करा. महिन्याच्या बैठकीला वह्या घेऊन या, एकमेकांच्या वाचा. पोरांची नावं गाळून त्यातली उत्तरं या पानांवर छापू. कवितेला जागा कमी पडली तर पडू द्या.