अपघातग्रस्त वाहनाचा पंचनामा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
रस्ते अपघातानंतर जखमींना रुग्णालयात हलविले जाते, वाहतूक सुरळीत होते आणि वाहनही घटनास्थळावरून हलते. न्यायालयापर्यंत पोहोचतो तो प्रामुख्याने पंचनामा. वाहनाच्या नुकसानीचे वर्णन करणारा मजकूर म्हणून त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्णनाची भाषा :
‘दर्शनी भाग चेपलेला’, ‘उजव्या बाजूचे नुकसान’, ‘काच फुटलेली’ अशी ठराविक शब्दयोजना पंचनाम्यांत वारंवार आढळते. तीत विशेषण आहे, मोजमाप नाही. पत्रा किती सेंटिमीटर आत गेला, जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या दिशेने, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. अपघात-पुनर्रचनाशास्त्रात चेपलेल्या भागाच्या रुंदीवर समान अंतरावर, बहुधा सहा ठिकाणी, खोली मोजली जाते. या खोलीवरून वाहनाने शोषलेली ऊर्जा व धडकेतील वेगबदल यांचा अंदाज बांधता येतो. प्रत्यक्ष धडकेची जागा आणि धक्क्यामुळे दूरवर पत्र्यावर पडलेल्या सुरकुत्या यांत भेद न केल्यास हा अंदाज चुकतो. दिव्याच्या बल्बमधील ताणली गेलेली तार धडकेच्या क्षणी दिवा चालू असल्याचे सुचवू शकते. ‘दिवा फुटलेला’ या नोंदीत ही शक्यता हरवते.

कायद्याची चौकट :
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३६ नुसार तपासणीसाठी नेलेले वाहन औपचारिकता पूर्ण झाल्यावर २४ तासांत परत करावयाचे असते. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. परंतु दुरुस्ती होताच पुरावा नष्ट होतो. साहजिकच पहिली नोंद हीच अनेकदा अखेरची ठरते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी वाहनांची छायाचित्रे आणि ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे सविस्तर अपघात अहवाल अपेक्षिला आहे. मात्र मोजपट्टी न ठेवता तिरकस घेतलेले छायाचित्र हे शब्दांइतकेच मोघम असते. शिवाय १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र आवश्यक असते. जालना येथील निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच, जुन्या कायद्याच्या संदर्भात, अशा प्रमाणपत्राची अनिवार्यता अधोरेखित केली होती.

परिणाम :
नुकसानभरपाईच्या दाव्यात संभाव्यतेचे पारडे जड असणे पुरेसे मानले जाते. फौजदारी खटल्यात वाजवी संशयापलीकडील सिद्धता लागते. मोघम पंचनामा दोन्हीकडे घातक ठरतो. एकीकडे मृतावरच अंशतः निष्काळजीपणाचा ठपका येऊन वारसांची रक्कम घटू शकते. दुसरीकडे दोषी चालक सुटू शकतो किंवा निर्दोष चालक वर्षानुवर्षे खटल्यात अडकू शकतो.

निष्कर्ष :
रात्र, पाऊस, खोळंबलेली वाहतूक व अपुरे मनुष्यबळ यांत तपास अधिकारी काम करतो, हे मान्यच करावे लागेल. तथापि मोजण्याची फीत, छायाचित्रात ठेवावयाची पट्टी आणि वाहनाच्या चारही बाजूंचे व कोपऱ्यांचे क्रमवार चित्रण यांस महागडी सामग्री लागत नाही. पंचनाम्याच्या भाषेत विशेषणाची जागा आकड्याने घेणे, ही पुराव्याच्या विश्वासार्हतेची प्राथमिक अट होय.