चाल कुणाची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत धावत माझ्याकडे आला. "सर, कुणा परदेशी माणसाने आपले गाणे चोरले!" त्याच्या आजोबांना तलत महमूद यांचे वेड. त्यामुळे ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातले सलील चौधरी यांचे द्वंद्वगीत पोराच्या कानांवर पाळण्यापासून पडलेले. आणि आता कुठल्याशा ध्वनिमुद्रणात तीच सुरावट व्हायोलिनवर ऐकून तो संतापला होता. ती सुरावट मोत्सार्टच्या चाळिसाव्या सिंफनीतली आहे, ती १७८८ साली लिहिली गेली आणि तीन वर्षांनी मोत्सार्ट वारलाही, असे मी सांगितले तेव्हा त्याचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे आपणच चोरली?" त्याने विचारले. तेवढ्यात घंटा झाली म्हणून मी सुटलो.

सुटलो खरा, पण प्रश्न काही सुटला नाही. या विषयावर आपल्याकडे दोनच सूर निघतात. एक म्हणतो, सगळे चोरच आहेत. दुसरा म्हणतो, सप्तकात सूर बाराच, तेव्हा चोरी म्हणून काही नसतेच. पहिल्याला गाण्याचे प्रेम नाही आणि दुसऱ्याला प्रामाणिकपणाचे, असे मला वाटते. बारा सुरांचा युक्तिवाद तर अगदीच पोकळ. आपल्या वर्णमालेतही अक्षरे मोजकीच आहेत, म्हणून कुणी ‘ज्ञानेश्वरी’वर आपले नाव घालीत नाही.

‘छाया’चेच गाणे घ्या. दोन आखूड स्वर आणि त्यावर टेकणारा एक लांब स्वर, असे तीनदा होऊन चौथ्या वेळी वर उडी, हा मोत्सार्टचा आराखडा सलीलबाबूंनी उघड उघड उचलला आहे. मोत्सार्टच्या हातात त्या पुनरुक्तीत एक बेचैनी आहे. खाली तंतुवाद्यांची सतत कुजबूज चाललेली असते. सलीलबाबूंनी ती बेचैनी काढून घेतली आणि तिच्या जागी लाडिक आर्जव ठेवले. प्रेम वाढवू नकोस असे सांगणाऱ्या प्रियकराच्या तोंडी ती पुनरुक्ती आली, आणि नको-नको म्हणण्याचा तो चाळाच होऊन बसला. अंतऱ्यात तर गाणे मोत्सार्टचा हात सोडून आपल्या वाटेने चालू लागते. ‘मधुमती’तही (१९५८) त्यांनी पोलंडकडच्या एका लोकगीताचे असेच केले, ते सूर परके आहेत हे न सांगता कुणाला कळत नाही. हा मनुष्य घेतो ते पचवून घेतो.

ओ. पी. नय्यर यांची तऱ्हा वेगळी. ‘सी. आय. डी.’ (१९५६) मधले मुंबईवरचे गाणे कोण मुंबईकर विसरेल? त्याचा मुखडा ‘क्लेमेंटाइन’ या जुन्या अमेरिकन गाण्याचा आहे. मूळ गाणे सोन्याच्या खाणीच्या शोधात गेलेल्या एका माणसाच्या, पाण्यात बुडून मेलेल्या मुलीचे! त्या बिचारीच्या विलापिकेवर जॉनी वॉकर गिरगाव-भायखळ्याच्या जगाची टिंगल करीत हिंडतो, आणि ती चाल या शहराखेरीज दुसऱ्या कुणाची असेल असे मनातही येत नाही. येथे पचविण्याचे श्रम फारसे दिसत नाहीत. पण जागा अशी अचूक निवडली आहे की उसनी वस्तू घरचीच होऊन गेली. ‘आवारा’च्या (१९५१) स्वप्नदृश्यात शंकर-जयकिशन यांनी उम्म कुल्सूम यांच्या ‘विदाद’ या इजिप्शियन चित्रपटातली सुरावट घेतली, तिला आपल्या ढोलकाचा ठेका दिला, मेंडोलिन दिले, आणि लताबाईंचा आवाज दिला. मला ते गाणे मुळापेक्षा अधिक आवडते, हे कबूल करावयास मी लाजणार नाही.

परंतु त्याच जोडीने ‘जानवर’मध्ये (१९६५) बीटल्सचे जेमतेम दोन वर्षांपूर्वीचे गाणे जसेच्या तसे हिंदीत बसविले, तेव्हा तेथे काय घडले? नक्कल घडली, दुसरे काही नाही. मूळ गाण्यातला उमदा आरडाओरडा तेवढा आला. त्यामागचे वय, त्यामागचा देश मागेच राहिला. माझ्या वर्गात गाइडातून निबंध उतरविणारी मुले असतात. त्यांची चोरी मला कशावरून कळते? शब्द मोठे असतात आणि मुलगा त्यांत कुठेच नसतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पचविले तर प्रेरणा, न पचले तर चोरी, असा निवाडा देऊन मोकळा झालो असतो. पण त्या पोराचा उतरलेला चेहरा मला आठवतो. त्याला गाणे वाईट वाटले नव्हते. आपल्याला कुणी सांगितले नाही, याचे त्याला वाईट वाटले होते.

आणि येथे मला आमच्या गावच्या वाचनालयातली संगीत नाटकांची जुनी पुस्तके आठवतात. पानांचे तुकडे पडत, पण पदांच्या वरची ती बारीक टाइपातली ओळ शाबूत असे. पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ असा शब्द, आणि पुढे ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याचे पहिले शब्द. कुठे लावणी, कुठे ठुमरी, कुठे कानडी पद. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा साक्या, दिंड्या, कीर्तनातल्या आणि लावणीच्या चाली त्यांनी मुक्तहस्ताने घेतल्या. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’साठी (१९१६) ख्यालाच्या बंदिशी नाटकात आणल्या. ‘एकच प्याला’ला (१९१९) सुंदराबाई जाधवांकडून चाली मिळाल्या. म्हणजे ज्या नाट्यसंगीताचा आपल्याला एवढा अभिमान, ते बव्हंशी उसनवारीवरच उभे आहे. परंतु ती उसनवारी चारआठ आण्यांच्या पुस्तकात छापलेली असे. प्रेक्षक घरी जाऊन मूळ चीज आणि पद ताडून पाही, आणि बालगंधर्वांनी तिचे काय केले याचा त्याला दुप्पट आनंद होई. त्या एका ओळीने कुणाचे नाक कापले गेल्याचे ऐकिवात नाही.

बंगाल्यांचेही तसेच. रवींद्रनाथांनी स्कॉटलंडच्या निरोपगीतावर आपले एक गाणे रचले, ते आज बंगाल्यांच्या घरोघर आहे आणि मूळ कुठले हेही तेथे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे सचिनदेव बर्मन यांनी रवींद्रनाथांच्या चाली ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९५४) आणि ‘अभिमान’ (१९७३) या चित्रपटांत आणल्या. घेणाराही बंगाली, देणाराही बंगाली. पण मराठी-हिंदी श्रोत्यांना ते कुणी सांगावयाचे?

चित्रपटाने ती ‘चाल’ची ओळ का पुसली? मला वाटते, श्रेयनामावलीत ‘संगीत’ या शब्दापुढे एकच नाव मावते, येथून हे सुरू झाले. निर्माता विलायती तबकडी बगलेत मारून यावयाचा, ‘असेच काही पाहिजे’ म्हणावयाचा, आणि महिन्याभरात सहा गाणी व्हावयाची. त्या एका नावाखाली मग सगळेच गाडले गेले. मूळ रचनाकार तर गेलाच, शिवाय ज्या गोव्याच्या वादकांनी त्या सुरावटींची पाश्चात्य लिपीत मांडणी केली, व्हायोलिनच्या रांगा बसविल्या, तेही गेले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चितळकरांचे साहाय्यक चिक चॉकलेट ही नावे किती रसिकांना माहीत होती? गोन्साल्विस यांचे नाव पुढे घरोघर पोचले ते ‘अमर अकबर अँथनी’तल्या (१९७७) एका विनोदी गाण्यातून. त्यांचे शिष्य प्यारेलाल त्या चित्रपटाचे एक संगीतकार, म्हणून तेवढे तरी झाले. परक्या मोत्सार्टचे नाव लपविणारा हात घरच्या माणसाचेही लपवितो, यात मला नवल वाटत नाही.

आता कायदा जागा झाला आहे म्हणतात. आपला प्रताधिकाराचा कायदा १९५७ चा. अमुक इतके स्वर उचलले तर चालते, असा एक समज संगीतवाल्यांत फार दिवस फिरतो आहे. त्या कायद्यात असे कुठलेही माप नाही. २००८ साली ‘क्रेझी ४’च्या गाण्यांत आपली जाहिरातीतली सुरावट आहे म्हणून राम संपत मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले, गाण्यांसह चित्रपट दाखविण्यास मनाई झाली आणि प्रकरण दोन कोटी रुपयांवर मिटले. त्याआधी गंमत अशी झाली होती की बप्पी लाहिरी यांचे ‘ज्योती’ (१९८१) मधले गाणे, लताबाईंच्या आवाजासकट, अमेरिकेतल्या एका गाण्यात न विचारता घातले गेले. २००३ साली तिकडच्या न्यायाधीशांनी हुकूम दिला की लाहिरींचे नाव छापल्याखेरीज तबकड्या विकू नयेत. म्हणजे त्यांनी मागितली ती आपल्या जुन्या नाटकाच्या पुस्तकातली ओळच! आमच्याकडच्या किती जणांनी त्या निकालावर टाळ्या पिटल्या असतील, आणि मग आपल्याच तबकड्यांकडे किती जणांनी वळून पाहिले असेल?

हे सारे लिहिताना मला एक गोष्ट टोचते आहे; ती न सांगता लेख संपविणे बरे नव्हे. माझ्या दुसऱ्या कादंबरीचा सांगाडा एका रशियन दीर्घकथेचा आहे. ती मी मराठी भाषांतरात वाचली होती. जमीनदाराचा मी पाटील केला, बर्फाचा पाऊस केला, शेवट बदलला, आणि पात्रे आमच्या तालुक्याची बोली बोलू लागली तेव्हा मला खरोखरच वाटले की हे सगळे माझेच आहे. परीक्षणांत कथानकाची वाखाणणी झाली, तीही मी मान खाली घालून ऐकली. मान खाली होती ती विनयाने, असा लोकांचा समज झाला.

त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी नाटकाच्या पुस्तकातले एक पान दाखविले. त्याने ती बारीक ओळ दोनदा वाचली आणि विचारले, "सर, तुमच्या पुस्तकातपण असं लिहितात का?" त्याने ते निष्पापपणे विचारले होते. त्या रात्री मी प्रकाशकांना पत्र टाकले, की पुढच्या आवृत्तीत शीर्षकपानाच्या मागे एक ओळ घालावयाची आहे. त्यांचे उत्तर आले: ओळ घालण्यास हरकत नाही, पण पहिल्या आवृत्तीच्या चारशे प्रती अजून माळ्यावर पडून आहेत.