फुरसतीचा दिवस आणि गावाचा उंबरठा

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचे पहिले पुस्तक ‘ॲन इनलँड व्हॉयेज’ (१८७८) सामान्यतः हलक्याफुलक्या प्रवासवर्णनांत जमा केले जाते. १८७६ साली वॉल्टर सिम्पसन या मित्रासह अँटवर्पहून निघून, बेल्जियमचे कालवे व पुढे फ्रान्समधील साँब्र आणि वाझ या नद्यांतून दोन लहान होड्यांनी पाँत्वाजपर्यंत केलेली सफर, एवढाच त्याचा विषय मानला जातो. ही ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे. फुरसत ही या संहितेत गृहीत धरलेली मनःस्थिती नाही. ती कोणाला आणि कशाच्या बळावर लाभते, हा संहितेच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

दिवस नदीवर आणि रात्र गावात, अशी या कथनाची लय आहे. नदीवर ओळखीची गरज पडत नाही. दोघे प्रवासी परस्परांच्या होड्यांच्या नावांनीच, ‘ॲरिथ्यूझा’ आणि ‘सिगारेट’ म्हणून, कथनात वावरतात. गावाच्या उंबरठ्यावर मात्र ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न उभा असतो. पाँ-स्यूर-साँब्र येथे हातातल्या पिशव्यांमुळे त्यांना फेरीवाले समजण्यात येते. त्याच खाणावळीत गाढवाची गाडी घेऊन खरा फेरीवाला सहकुटुंब येतो, तेव्हा या तोतया फेरीवाल्यांचा दर्जा आणखी एक पायरी उतरतो. पुढे लाँद्रसी येथे तेच दोघे न्यायाधीशाचे पाहुणे होतात. माणसे बदललेली नाहीत. त्यांना वाचणारी नजर बदलली आहे. प्रतिष्ठा ही व्यक्तीत नसून वाचनात असते, हे स्टीव्हन्सन कोणत्याही सिद्धान्ताचा आधार न घेता दाखवतो.

ला फेअर या तटबंदीच्या गावात विनोदाला धार येते. पावसाने भिजलेल्या प्रवाशांना चांगल्या हॉटेलाची मालकीण दारातूनच परत पाठवते. गाव राखीव सैनिकांनी गजबजलेले आहे आणि १८७०–७१ च्या फ्रान्स–प्रशिया युद्धाला जेमतेम पाच वर्षे झाली आहेत. अखेर आसरा मिळतो तो एका साध्या खाणावळीत. सुटीवर निघालेल्या सुखवस्तू तरुणाला बेघर माणसाचा संताप येथे क्षणभर कळतो.

या पार्श्वभूमीवर न्वायाँचे प्रकरण वाचावे. येथे कोणी अडवत नाही. दिवस रमतगमत कॅथीड्रलभोवती जातो. कॅथीड्रलची पूर्वेकडील बाजू निवेदकाला जुन्या युद्धनौकेच्या पिछाडीसारखी भासते. प्रवासी काठावर उतरला आहे आणि शतकानुशतके स्थिर असलेली वास्तू मात्र त्याला जलप्रवासास निघालेली दिसते. ही प्रतिमा केवळ अलंकार नव्हे. गावाने स्वीकारले, म्हणून गावही प्रवासात सामील झाले, असे ती सुचवते.

यापुढे मात्र कथनाचे स्वरूप पालटते. अरुंद वाझ नदी प्रवाशांना लोकांच्या दारांजवळून नेत होती. आता पात्र रुंदावते, काठ दुरावतो, संवाद थांबतो. काँप्येन्यला घरची पत्रे हाती पडतात आणि मागे टाकलेले जग पुन्हा गाठते. वल्हवता वल्हवता निवेदकाला ‘मी’ आणि ‘मी नव्हे’ यांतील सीमा पुसट झाल्याचा अनुभव येतो. त्याला तो अर्धवट थट्टेने निर्वाणाच्या जवळचा म्हणतो. भारतीय वाचकाला हे साम्य उथळ वाटेल, आणि ते तसे आहेही. निर्वाणात तृष्णेचा क्षय अभिप्रेत आहे. येथे केवळ जाणिवेला आलेली गुंगी आहे. परंतु संहितेच्या दृष्टीने हा क्षण निर्णायक ठरतो. फुरसत परिपूर्ण झाली आणि सांगण्यासारखे काही उरले नाही. याउलट जिथे दार बंद झाले, तिथेच कथन सर्वाधिक जिवंत झाले. फुरसत आणि कथन यांचे हे व्यस्त नाते हाच या पुस्तकाचा गाभा होय.

त्याची मर्यादाही याच नात्यात आहे. दोघांच्या खिशात पैसे आहेत; त्यांचा अपमान एका रात्रीचा असतो, म्हणूनच त्याचा विनोद होऊ शकतो. पाँ-स्यूर-साँब्रचा फेरीवाला दुसऱ्या दिवशीही फेरीवालाच राहतो, आणि त्याची गोष्ट पुस्तक सांगत नाही. तरीही उंबरठ्यावरचा तो क्षण स्टीव्हन्सनने वगळला नाही. सुखद प्रवासाचे वर्णन करताना बंद दारही लिहून ठेवणे, हा प्रामाणिकपणा या लहानशा पुस्तकाला सुटीच्या आठवणींपलीकडे नेतो.