बोळातला बिबट्या

नयन खानोलकरांच्या ‘द अ‍ॅली कॅट’ या छायाचित्रात बिबट्याएवढाच मान बोळाला आहे. मुंबईतली आरे कॉलनी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला खेटून असलेली वारली वस्ती, घरांमधून जाणारी अरुंद वाट आणि तिथून आपल्या कामाला निघालेलं जनावर. २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत या छायाचित्राने शहरी विभागाचं पारितोषिक पटकावलं.

खरी करामत उजेडाची आहे. रात्रीचं जनावर टिपायचं तर फ्लॅश आलाच. आणि तो समोरून मारला की जनावर पांढरंफटक, मागे काळोख आणि डोळ्यांच्या जागी दोन दिवे! खानोलकरांनी फ्लॅश असे लावले, की त्या बोळात रोज रात्री घरांचा जसा उजेड पडतो तसाच तो वाटावा. कॅमेऱ्याची जागाही अशी निवडली, की येणारं जनावर सगळी चौकट बळकावणार नाही. वाटेवर सोडलेला इन्फ्रारेड किरण जनावराने ओलांडला की कॅमेरा आपोआप चालतो. मग यात छायाचित्रकाराचं काय, असं कुणी विचारेल. सगळंच त्याचं, कारण चित्र त्याने आधीच रचून ठेवलंय. फक्त नायक यायचा बाकी. तो मनासारखा यायला चार महिने लागले.

आणि आला तोही कसा! कॅमेऱ्याच्या आवाजाकडे त्याने जाता जाता टाकलेला तो कटाक्ष पाहा. गुरगुरणं नाही, दबा नाही, नुसती चौकशी. रात्री भटक्या कुत्र्यांच्या शोधात या वाटा तुडवणाऱ्याला इथलं काय नवीन?

छायाचित्रकार स्टीव्ह विंटरने हॉलिवूडच्या पाटीखाली टिपलेला ‘पी-२२’ हा प्यूमा जगभर गाजला. तोही फोटो थोरच, पण त्यात पाटीचा दिमाख आहे. इथे दिमाख औषधालाही नाही, म्हणून मला हा उजवा वाटतो. वारल्यांनी बिबट्याचे हल्ले सोसलेत, तरी घराच्या भिंतींवरल्या चित्रांत त्याला जागा दिली आहे. खानोलकरांनीही चौकटीत त्याला तेवढीच जागा दिली, शेजाऱ्याला देतात तेवढी.

हा फोटो मोबाइलवर पाहू नका. मोठ्या पडद्यावर लावा आणि बिबट्या पाहून झाला की भिंतींवरचा उजेड निवांत पाहा.