हौसेला मोल असते

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचा संबंध मुख्यतः तो मोडण्यापुरता येतो, हे ज्ञान मला जावईबापूंकडून मिळालं. बॉल हातात धरून पळायचं, समोरच्यानं अंगावर येऊन पाडायचं, मग सगळ्यांनी उठून मसलत करायची आणि पुन्हा पडायचं. नियम याहून बरेच जास्त आहेत, पण ते कळले नाहीत म्हणून काही अडत नाही. लग्नात अक्षता केव्हा टाकायच्या एवढं कळलं की पुरतं, तसं इथं केव्हा ओरडायचं एवढं कळलं की झालं.

२०२४ च्या सप्टेंबरात मी मिशिगन राज्यात ॲन आर्बरला मुलीकडे होतो. एका शुक्रवारी जावईबापू म्हणाले, "बाबा, उद्या मॅचला जायचंय. तिकिटं काढलीत."

"केवढ्याला पडली?" मी विचारलं.

"बाबा, ते तुम्ही विचारू नका," मुलगी आतून म्हणाली.

तिचं बरोबर होतं. किंमत कळली असती तर मी तिला ८४ नं गुणलं असतं आणि मग मॅचभर मला तो गुणाकारच दिसला असता.

मिशिगन युनिव्हर्सिटीच्या त्या स्टेडियमात १,०७,६०१ माणसं बसतात. ॲन आर्बरची वस्ती सव्वा लाखाच्या आत-बाहेर. म्हणजे मॅचच्या दिवशी गावात चोरी करायला चोरसुद्धा शिल्लक राहत नसतील. त्या आकड्यातला शेवटचा 'एक' म्हणजे जुने कोच फ्रिट्झ क्रिस्लर यांच्यासाठी राखलेली जागा, असं मानतात. ती नेमकी कुठली, ते कुणालाच माहीत नाही. त्यामुळे आपण बसलोय ती तर नसेल, या शंकेनं मी पहिला अर्धा तास जरा अवघडूनच बसलो होतो.

पाहुणी टीम होती लॉस एंजेलिसची, यूएससी. तीन हजारांवर किलोमीटरवरून आलेली. लीगचं नाव बिग टेन. मी भोळेपणानं विचारलं, "या दहांतली ही कितवी?"

"दहांत अठरा आहेत, बाबा."

"अठरा?"

"बिग ट्वेल्व्ह म्हणून दुसरी लीग आहे. तिच्यात सोळा आहेत. आणि स्टॅनफर्ड, बर्कली यंदापासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेल्यात."

"पण त्या तर पॅसिफिकच्या बाजूला ना?"

"कॅमेऱ्याला समुद्र कुठला ते दिसत नाही," जावईबापू म्हणाले.

ज्या संस्थांना अंकगणित आणि भूगोल शिकवण्याबद्दल जग फी भरतं, त्यांचा हा कारभार! पश्चिम किनाऱ्याची पॅक-ट्वेल्व्ह ही जुनी लीग. तिच्यातल्या दहा संस्था टीव्हीचे जास्त पैसे देणाऱ्या घरी नांदायला गेल्या आणि २०२४ साली तिच्यात दोनच उरल्या. त्यातली एक गंमत तर आपल्याकडच्या भाऊबंदकीलाही सुचलेली नाही. बर्कली आणि यूसीएलए या एकाच सरकारी युनिव्हर्सिटीच्या दोन लेकी. त्यातली धाकटी यूसीएलए बिग टेनच्या श्रीमंत घरात पडली. तेव्हा विश्वस्तांनी २०२४ च्या मे महिन्यात ठरवलं, की तिनं थोरलीला तीन वर्षं, दर वर्षी एक कोटी डॉलर द्यावेत. तिथल्या वर्तमानपत्रांनी याला सरळ पोटगी म्हटलं.

मॅच सुरू झाली. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की मैदानाच्या कडेला लाल टोपी घातलेला एक माणूस आहे आणि सगळा खेळ त्याच्या तंत्रानं चाललाय. तो आत येऊन उभा राहिला, की धिप्पाड बावीस जण निमूट थांबायचे. तो बाहेर गेला, की पुन्हा एकमेकांच्या अंगावर पडायला लागायचे. मला वाटलं, हाच मुख्य पंच असणार. जावईबापूंनी सांगितलं, "छे हो, तो टीव्हीचा माणूस. जाहिराती चालू आहेत तोवर तो खेळ थांबवून धरतो." घड्याळातला खेळ साठ मिनिटांचा, पण संपायला साडेतीन तास लागतात ते यामुळे. तेवढा वेळ लाखावर माणसं उन्हात बसून, घरी बसलेल्यांची जाहिरात संपायची वाट पाहतात. पैसे मात्र दोघांनीही भरलेले.

माझ्या डाव्या हाताला जावईबापूंचे शेजारी बसले होते. सत्तरीचे, उंच, आणि एक पाय समोर सरळ ताठ ठेवलेला. तीस वर्षं ते याच जागेवर बसतात. त्यांना मी नुसता विषय दिला, तर त्यांनी मला एक जुनी दैनिकं बांधलेली वहीच उघडून दाखवावी तसं सगळं सांगितलं. "पूर्वी पोरगं पहिल्या वर्षी बाकावर बसायचं, दुसऱ्या वर्षी थोडं आत-बाहेर करायचं, तिसऱ्या वर्षी पडायचं-उठायचं, आणि चौथ्या वर्षापर्यंत त्याच्या आईचं गाव कुठलं हे आम्हाला ठाऊक असायचं. आता यादी हातात घेऊन बसावं लागतं. यातले कितीतरी गेल्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात होते, आणि पुढच्या वर्षी तिसऱ्यात असतील."

"पैसे मिळतात म्हणून?" मी विचारलं.

"हो. पोर्टल आलंय ना!"

पोर्टल म्हणजे बदलीच्या अर्जाची खिडकी. ती २०१८ साली उघडली. २०२१ साली एकदा कॉलेज बदललं तरी एक वर्ष घरी बसायची सक्ती गेली, आणि २०२४ पासून कितीदाही बदला. २०२१ च्याच जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा जाहिरातींना विकायची मुभा मिळाली. कॉलेजच्या पैसेवाल्या भक्तांनी लगेच मंडळं काढली आणि जाहिरातीच्या नावाखाली पगार सुरू झाले.

शेजाऱ्यांचं म्हणणं मला पटलंच होतं. पोरांना पैसा दिसला आणि खेळ बिघडला, असं मीही मानेनं कबूल करून टाकलं. आपल्याला न मिळालेला पैसा दुसऱ्याला बिघडवतो, यावर आमच्या वयाच्या माणसांचं लगेच एकमत होतं. पण पुढं महिनाभर मुलीच्या घरी मला दुसरा उद्योग नव्हता. गावातली लायब्ररी चांगली आणि गरम होती. तिथं बसून वाचत गेलो आणि माझं एकमत हळूहळू फुटायला लागलं.

या देशात दोन कॉलेजांची पहिली शर्यत झाली ती १८५२ साली, हार्वर्ड आणि येल यांची, होड्यांची. तिचा खर्च कुणी केला? एका रेल्वे कंपनीनं. लोक शर्यत बघायला येतील आणि येताना तिकीट काढतील म्हणून! पहिली फुटबॉल मॅच त्यानंतर सतरा वर्षांनी, १८६९ साली, रटगर्स आणि प्रिन्स्टनमध्ये झाली. म्हणजे कॉलेजच्या खेळात पैसा नंतर शिरला हे खरं नाही. पैसा आधीच येऊन बसला होता, फुटबॉल मागून आला. १९२९ साली कार्नेगी फाउंडेशननं जाडजूड अहवाल काढून सांगितलं, की कॉलेजं खेळाडूंना आडमार्गानं पैसे चारतात आणि शिक्षणाचं नाव घेऊन धंदा करतात. अहवालाचं सगळ्यांनी स्वागत केलं. अहवालांचं सगळीकडं स्वागतच होतं.

तो मनावर घेणारी एक बडी युनिव्हर्सिटी निघाली शिकागोची. पहिली हाइझमन ट्रॉफी १९३५ साली तिच्याच खेळाडूनं जिंकली होती. तरी तिचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ साली फुटबॉल बंद केला. रिकाम्या स्टेडियमच्या बाकांखाली १९४२ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी अणूची पहिली नियंत्रित साखळी-प्रक्रिया घडवली. तेव्हापासून बाकीच्या युनिव्हर्सिट्यांनी धसका घेतला असावा, की फुटबॉल बंद केला तर पोरं भलतंच काहीतरी करतील.

मग आला तो शब्द. १९५५ साली कोलोराडोतल्या एका कॉलेजचा खेळाडू मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेनं कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ साली तिथल्या वरच्या कोर्टानं ती नाकारली, कारण काय, तर कॉलेजचा काही फुटबॉलचा धंदा नाही! त्याच सुमाराला कॉलेजच्या खेळांची मुख्य संस्था एनसीएए, हिचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द चलनात आणला. अशा दाव्यांपासून वाचायला तो शब्द आणला, हे त्यांनीच १९९५ साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. मी हा शब्द आजवर किती कौतुकानं वाचत होतो! सरस्वती आणि मारुती एकाच देव्हाऱ्यात, असं काहीतरी मनात यायचं. तो वकिलाच्या कपाटातून आलाय हे कुणाला ठाऊक!

बरं, कॉलेजचा धंदा नव्हता तर १९८४ साली ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या युनिव्हर्सिट्या सुप्रीम कोर्टात कशासाठी भांडल्या? टीव्हीचे हक्क ज्यानं त्यानं विकावेत यासाठी. त्या जिंकल्या, आणि लीगच्या लिलावाला तिथून तोंड फुटलं. कोचच्या पगाराचे आकडे त्यानंतर फुगत गेले. २०२३ च्या नोव्हेंबरात टेक्सस ए अँड एम या सरकारी युनिव्हर्सिटीनं जिंबो फिशर या कोचला काढलं, तेव्हा उरलेल्या कराराचे साडेसात कोटी डॉलरांहून जास्त देणं लागलं. शिकवण्याबद्दल बिदागी आम्ही ऐकली होती. न शिकवण्याबद्दलची ही जगातली बहुधा सर्वांत मोठी.

आणि पोरांचं काय? १९८७ साली डलासच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीनं खेळाडूंना चोरून पैसे दिले, म्हणून तिचा आख्खा सीझन बंद केला. त्या शिक्षेला तिथं 'फाशी'च म्हणतात. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं एनसीएएच्या विरुद्ध नऊ-शून्य निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं टिपण जोडलं. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा: गावातल्या सगळ्या हॉटेलवाल्यांनी, 'आमच्या गिऱ्हाइकांना कमी पगाराच्या आचाऱ्याच्याच हातचं आवडतं' असं सांगून आचाऱ्यांचे पगार पाडले, तर कुठला कायदा ते चालवून घेईल? शेवटी २०२५ च्या जूनमध्ये तडजोड मंजूर झाली. मागची बाकी सुमारे २८० कोटी डॉलर, दहा वर्षांत फेडायची, आणि यापुढं कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा. पहिल्या वर्षाची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. ज्या कृत्याला १९८७ साली फाशी झाली, त्याला आता बजेटमध्ये रकाना आहे.

यात हळहळण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. आपला नट नाइट घेतो हे थिएटरात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तिसऱ्या अंकातलं त्याचं रडणं खोटं वाटून कुणी उठून जात नाही. नाइट फक्त निर्मात्यानं घ्यावी आणि नटानं हौस म्हणून रडावं, असं कुणी म्हटलं तर आपण त्याला काय म्हणू?

पण शेजाऱ्यांचं दुःखही खोटं नव्हतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना भेटायला गेलो आणि माझं लायब्ररीतलं सगळं ज्ञान त्यांच्यापुढं ओतलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मला त्यांच्या पैशाचा राग नाही. ते राहत नाहीत, याचा आहे."

मी म्हटलं, "आणि हा तुमचा पाय?"

तेव्हा कळलं. ते १९७४ साली दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजातून खेळत होते. आधी स्कॉलरशिप चार वर्षांची असायची. १९७३ साली एनसीएएनं ती एकेका वर्षाची केली, म्हणजे दर वर्षी कॉलेजनं वाटलं तर पुढं चालवायची. यांचा गुडघा ऑक्टोबरात गेला. पुढच्या वर्षीचं पत्र आलंच नाही. घरी जाऊन वडिलांच्या दुकानात बसले आणि उरलेलं कॉलेज संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पुरं केलं.

एकेका वर्षाचा हिशेब पोरांनी २०२१ साली शोधून काढला नाही. तो थोरांनी १९७३ सालीच शिकवून ठेवला होता. कॉलेजं लीग सोडून गेली, कोच कॉलेज सोडून गेले, मग पोरं तेवढी निष्ठेनं बसून राहतील असं आपण कसं धरून चाललो? पैसा दिला ते उत्तमच झालं. आता मोडलेल्या गुडघ्याची हमी द्या, तीन-चार वर्षांचा करार द्या आणि बदल्यात तीन-चार वर्षं मागून घ्या. नोकरी म्हटली की दोन्ही बाजूंना बांधिलकी आली. नुसता पगार आणि बांधिलकी कुणाचीच नाही, हा तर नाक्यावरचा रोजंदारीचा बाजार झाला.

हे सगळं मी त्यांना तावातावानं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "कॉलेजनं मला सोडलं. मी फुटबॉल नाही सोडला."

२०२५ साली मुलीला फोनवर विचारलं, शेजाऱ्यांनी यंदा तिकीट काढलं का? काढलं होतं म्हणे, त्याच जागेचं. किंमतही वाढली होती. किती, ते मी विचारलं नाही.